कोकणात जुनं घर बघायला जाताय? कौलं शेवटी बघा

प्रश्न असा आलाय की नवरा-बायको दोघं चार-पाच वर्षांत रिटायर होणार, ठाण्याला फ्लॅट आहे, मूळ गाव घाटावरचं पण शेतजमीन नाही, आणि आता दापोली-गुहागर पट्ट्यात आठ-दहा गुंठ्यातलं जुनं कौलारू घर बघतायत. एक घर फोटोवर फार आवडलंय. तर प्रत्यक्ष बघायला गेल्यावर नेमकं काय काय बघायचं?

मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो, जास्त करून रत्नागिरी जिल्ह्यात, थोडी मालवण-वेंगुर्ल्याकडे. माझ्याकडे लोक येतात ते घर घेऊन झाल्यावर, घ्यायच्या आधी क्वचितच कोणी विचारतं, त्यामुळे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं मत सांगून टाकतो. भिंती, छप्पर, जमीन, वायरिंग, संडास-बाथरूम हे सगळं दुरुस्त होतं. पैसे लागतात, माणसं मिळेपर्यंत डोक्याला ताप होतो, पण होतं. विहिरीचं पाणी, गाडी जायची वाट, सातबाऱ्यावरची नावं आणि घरामागची दरड, या चार गोष्टींना मात्र कुठलाच गवंडी हात लावू शकत नाही. आणि बघायला येणारी माणसं करतात उलटंच, ओटीवरचा झोपाळा, दाराच्या पितळी कड्या, माजघरातले सागवानी खांब बघून हरखून जातात, तासभर फोटो काढतात आणि विहिरीत डोकावतात ते निघताना चपला घालता घालता. तुम्ही गेलात की लगेच घरात शिरूच नका, यजमान कितीही "या या, आधी सरबत घ्या" म्हणाले तरी. बाहेरून सावकाश एक फेरी मारा.

जायचं कधी हे पण महत्त्वाचं. बहुतेक लोक दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत येतात, तेव्हा हवा छान, विहीर तुडुंब, भिंती वाळलेल्या आणि नुकताच रंग मारलेला असतो, तेव्हा वाईट दिसणारं घर मी अजून बघायचोय. खरं घर दिसतं ते मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि मग जुलैत. मे मध्ये पाणी कळतं, जुलैत बाकीचं सगळं कळतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच, त्यामुळे जे गळायचंय, खचायचंय, तुंबायचंय ते तेव्हाच. रेनकोट घालून मालकाला न सांगता वाडीत एक चक्कर मारून आलात तर अजून उत्तम.

आता विहीर. "पाणी बारमाही आहे" हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो आणि तो खोटं बोलत असतो असंही नाही, त्याच्या लहानपणी असेलही. मालवणच्या बाजूला एका घराच्या विहिरीवर शेजारची म्हातारी भेटली, तिला विचारलं तर म्हणाली, "पाणी खूप आसा हो, पण मे म्हयन्यात इचारू नको." आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र, पाऊस पितो पण धरून ठेवत नाही, त्यामुळे वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, विहिरी मार्चमध्येच तळ दाखवायला लागतात आणि खाली आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, मात्र पाणी टिकतं. विहिरीत बघताना आतल्या कठड्यावर शेवाळाचे आणि ओलीचे पट्टे दिसतात, त्यावरून पाणी कुठून कुठे उतरतं याचा अंदाज येतो. पंपाचा पाईप बघा, खाली नवा तुकडा जोडून लांब केलेला असेल तर पाणी दरवर्षी खाली जातंय हे मालकाने न सांगता कळलं. आणि पंचायत समितीत दरवर्षी टंचाई आराखडा होतो, त्यात कुठल्या वाडीला टँकर लागतो ते लिहिलेलं असतं, ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, सरळ विचारा की ही वाडी त्यात असते का. नळपाणी योजना असेल तर किती दिवसाआड आणि किती वेळ पाणी येतं ते शेजारणीला विचारा, सरपंचाला विचारू नका.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर पाणी चाखून बघायचंच, पण नुसतं चाखून भागत नाही. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, रहाटाने चार कळश्या काढल्या तर गोड लागतं आणि मोटर लावून तासभर उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून मालकाला पंप चालू करायला सांगा, तुम्ही तोवर बाकीचं बघा आणि शेवटी परत पाणी घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर पाच-सातशे रुपयात मिळतो, तो खिशात ठेवा, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. सुरुवातीचा आकडा आणि तासाभराच्या उपश्यानंतरचा आकडा यात मोठा फरक आला तर समजून जा. "बोअर मारू की" असं कोणी म्हणालं तर अशा जागी बोअर म्हणजे खाऱ्या पाण्याला सरळ वाट करून देणं.

अजून एक, विहीर कोणाची? घर ज्या सर्व्हे नंबरात आहे त्याच नंबरात विहीर आहे का, की चुलत्याच्या हिश्श्यात आहे आणि आजवर घरोब्याने पाणी नेत होते? भाऊबंदाला पाणी देणं वेगळं आणि ठाण्याहून आलेल्या परक्या माणसाला देणं वेगळं. सामाईक विहीर असेल तर खरेदीखतात पाण्याचा हक्क आणि पंप बसवायचा हक्क शब्दात लिहून घ्या. आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब ते पावलं टाकून मोजा, ५० फुटाच्या आत असेल तर मी तरी ते पाणी पिणार नाही, कारण जांभ्यातून घाण पाणी फार पटकन फिरतं. शेजाऱ्याचा खड्डा पण मोजा, तो विसरतात लोक.

विहीर झाली की घराच्या मागे जा. कोकणात घर बहुतेक उतारावर, डोंगर कापून केलेल्या सपाटीवर. जुन्या माणसांनी कापलं ते हाताने, थोडं थोडं, त्याला शंभर पावसाळे गेलेत, त्याची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती अलीकडे जेसीबीने सरळ उभ्या कापलेल्या दरडीची, मागे पार्किंग हवं किंवा वरच्या प्लॉटवाल्याला रस्ता हवा म्हणून. वरती जांभा घट्ट दिसतो पण त्याच्या खाली पिवळट-पांढरी चिकणमाती असते, पाणी जांभ्यातून झिरपून त्या मातीवर साचतं आणि वरचा सगळा भार घसरतो. २०२१ च्या जुलैत महाडजवळ तळीये आणि खेड तालुक्यात पोसरे इथे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. दरडीच्या वरच्या अंगाला चढून बघा, जमिनीला लांब भेगा आहेत का, झाडांचे बुंधे खाली झुकून मग वर वळलेत का, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, पोट आलंय का. वर कोणी प्लॉटिंग करतंय का हे तर नक्कीच बघा, कारण त्यांचं सगळं पाणी उद्या तुमच्या परसात येणार.

जवळून पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, जात असेल तर तो कोरडा असताना फार निरागस दिसतो. त्याच्या काठच्या झाडांच्या मुळांत, कुंपणाच्या तारेत अडकलेला पालापाचोळा, प्लास्टिक किती उंचीवर आहे ते बघा, पाणी तेवढं चढतं. नदी-खाडीच्या गावात घराच्या आत पुराची रेघ शोधा, रंग भिंतीला मारतात, कपाटाच्या मागे, जिन्याच्या खाली आणि दाराच्या चौकटीच्या आतल्या अंगाला मारत नाहीत. चिपळूणला २००५ चा २६ जुलै आणि २०२१ चा २२ जुलै हे दोन्ही पूर बघितलेली माणसं आहेत, तिथे घर बघत असाल तर निळी आणि लाल पूररेषा विचारा, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळेल या आशेवर राहू नका. राजापूरच्या बाजारपेठेत, खेडला जगबुडीच्या काठी, तीच गोष्ट.

आणि अगदी समुद्राला लागून असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. जाहिरातीत "सी टच" लिहिलेलं असतं ना, तीच अडचण. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरती रेषेपासून ५० किंवा २०० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद असतो, गावच्या लोकसंख्येच्या घनतेवर कुठला ते ठरतं, आणि खाडीकाठचे नियम परत वेगळे. आहे ते घर दुरुस्त करून राहणं एक आणि पाडून दोन मजली होमस्टे बांधणं दुसरं. तुमच्या मनात दुसरं असेल तर घर बघायच्या आधी सीआरझेडचा मंजूर नकाशा बघा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आखणीत जागा येते का तेही याच वेळी विचारून घ्या.

वाटेबद्दल थोडक्यात पण ठासून सांगतो. गाडी दारापर्यंत गेली म्हणजे रस्ता आहे असं नाही. ती गाडी कोणाच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, गेली ते बघा. कितीतरी घरांना कागदावर फक्त पाखाडी आहे, पायऱ्या पायऱ्यांची, आणि गाडीचा रस्ता शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर. घर विकलं गेलं की ती मेहेरबानी संपते, मग एक दिवस मधे चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडांचा, ढीग पडलेला असतो. ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या रजिस्टरला या रस्त्याची नोंद आहे का विचारा, नसेल तर ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याच्याकडून रुंदी लिहून रजिस्टर करारच करून घ्या, आणि तो खरेदीच्या आधी, नंतर त्याचा भाव वाढतो. दुरुस्तीलाही हेच आडवं येतं, डंपर पोचत नसेल तर चिरा, वाळू, सिमेंट सगळं डोक्यावरून न्यावं लागतं आणि माझं बिल तिथेच फुगतं.

आता नावं. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. कोकणातला सातबारा उघडला की पणजोबांपासून सगळे असतात, पंचवीस-तीस नावं काही विशेष नाही, त्यातले निम्मे वारलेले, काही मुंबईत, एखादा बडोद्याला, आणि घर विकणारा मात्र एकच, जो गावात राहतो किंवा ज्याच्या हातात किल्ली आहे. किल्ली असणं म्हणजे मालकी नाही. घरपट्टीचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, त्याच्या नावावर असेल, तर तोही मालकीचा पुरावा नाही, तो फक्त कर कोण भरतो ते सांगतो. घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची हा प्रकार तर खोतीच्या काळापासून चालत आलाय.

बहिणींना कोणी मोजत नाही. "त्यांनी तोंडी सोडलंय" म्हणतात. तोंडी काही सुटत नाही, रजिस्टर हक्कसोडपत्र लागतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने आलाय, महाराष्ट्रात तर १९९४ पासूनच, आणि सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही हेही स्पष्ट केलंय. म्हणून सगळ्या हिस्सेदारांच्या, बहिणी आणि वारलेल्या बहिणींची मुलं धरून, सह्या खरेदीखतावर हव्यात. "एक भाऊ नाही म्हणतोय, त्याचा हिस्सा सोडून बाकीच्यांचा घ्या, त्याचं नंतर बघू" असा सल्ला कोणी दिला तर उठून या तिथून. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला त्यांच्याबरोबर घराचा ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ बघा, मग वाटपाचा दावा करून बसायचं आणि रिटायरमेंट कोर्टाच्या बाकावर काढायची.

तुम्ही शेतकरी नाही असं लिहिलंय म्हणून हे खास तुमच्यासाठी. घर गावठाणात असेल किंवा जमीन बिनशेती असेल तर प्रश्न नाही, पण कोकणात वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे कितीतरी घरं शेतीच्या सातबाऱ्यावरच उभी आहेत, आणि १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. एजंट म्हणेल "दाखला करून देतो". नको. खोटा शेतकरी दाखला पुढे निघाला तर जमीन सरकारजमा व्हायची वेळ येते. विकणाऱ्यालाच आधी बिनशेती करून द्यायला सांगा आणि त्याचा वेळ-खर्च किमतीत धरा. सातबाऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना भिंग लावून वाचा, कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कूळकायद्याच्या कलम ४३ चा म्हणजे विक्रीवरच्या बंधनाचा शेरा, सगळं तिथेच असतं. भोगवटादार वर्ग २ दिसलं तर विकायला सरकारची परवानगी आणि नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, असा मामला आहे. क्षेत्र वाचताना हेक्टर-आर-चौरस मीटर असं असतं, ०.०८.५० म्हणजे ८५० चौरस मीटर, साधारण साडेआठ गुंठे. आणि ते साडेआठ गुंठे प्रत्यक्ष कुठे आहेत ते फक्त भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी सांगते, गडगा नाही. गडगे सरकतात, एकेक चिरा करत. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट आणि पेपरात जाहीर नोटीस, हे दोन खर्च वाचवू नका, नोटीस मुंबईच्या मराठी पेपरात पण द्या कारण हरकत घेणारे चाकरमानी तिकडे असतात.

एवढं सगळं बघून झाल्यावर घरात या.

आधी लांब उभं राहून आढं बघा, सरळ रेषेत आहे की मधे बसलंय. कौलांच्या ओळी लाटेसारख्या दिसत असतील तर खाली वासे वाकलेत किंवा कौलांखालच्या रीपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, कुजल्यात. मग आत माळ्यावर चढा, टॉर्च बंद करा आणि छपराकडे बघा, उजेडाचे ठिपके दिसले तर दिसू देत, कौलं सरकलेली असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वानरं नाचतात छपरावर आणि दरवर्षी कौलं परतावीच लागतात. घाबरायचं ते वासा भिंतीवर टेकतो त्या टोकाला. तिथे पाणी मुरतं, हवा लागत नाही, आणि वरून खणखणीत दिसणारा वासा टोकाला भुसभुशीत असतो. स्क्रू ड्रायव्हर न्या आणि तिथे टोचून बघा, अर्धा इंच आत सहज गेला तर तो वासा गेला. वाळवी मातीच्या नळ्या करून भिंतीवरून चढते, त्या रंगाच्या आधी खरवडून टाकतात पण माग राहतो. खाली पिवळसर भुगा पडलेला असेल तर भुंगा. साग, फणस असेल तर आयुष्य भरपूर, आईन-किंजळही कोरडं राहिलं तर चांगलं टिकतं, पण मधेच कोणी स्वस्तातलं लाकूड घातलेलं असेल तर नेमकं तेच आधी जातं. एक फार लोकांच्या लक्षात येत नाही, घरात चूल पेटत होती तोवर धुरामुळे लाकडाला किडा लागत नव्हता. दहा वर्षं कुलूप असलेलं घर राहत्या घरापेक्षा जास्त खराब असतं, फोटोत कितीही देखणं दिसो.

कौलांवरून पत्रा मारलेला असेल तर का ते विचारा. वानरांसाठी असेल तर ठीक, पण बऱ्याचदा खालचं छप्पर बघायला मिळू नये अशी सोय होते. समुद्राजवळ साधा लोखंडी पत्रा आणि त्याचे अँगल गंजायला फार वर्षं लागत नाहीत. मंगलोरी कौलं बदलायची तर एका कारखान्याचं कौल दुसऱ्यात नीट बसत नाही, म्हणून परसात जुन्या कौलांची चळत रचून ठेवलेली दिसली तर ती व्यवहारात मागून घ्या, नेतील नाहीतर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली होती, तर तुमच्या घराचं काय झालं होतं आणि नंतर काय बदललं हा प्रश्न जरूर विचारा. त्याच वेळी छपरावर झुकलेले माड मोजून घ्या.

भिंती. जुनं घर बहुतेक जांभ्याचं, मातीत किंवा चुन्यात बांधलेलं. ओळंबा सोडून बघा, भिंत बाहेर पोटाळलेली असेल तर मोठं काम आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी आणि वर रुंद होणारी भेग म्हणजे पाया खचलाय, नव्या खोलीच्या सांध्यातली उभी भेग म्हणजे बहुतेक काही नाही. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो म्हणून त्या बाजूची भिंत वेगळी तपासा, पूर्वी तिथे झापांची, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांची, झड बांधायचे, आता बांधत नाहीत आणि मग ओल येते म्हणून सिमेंटचा गिलावा थापतात. मातीत बांधलेल्या चिऱ्यावर सिमेंट थापलं की आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही, रंग फुगतो, पांढरा खार फुटतो, दोन-तीन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. बोटाने टकटक करा, पोकळ आवाज येईल. त्याची भीती नको पण तो सगळा काढून चुन्यात करायचा खर्च धरा. पागोळ्या जिथे पडतात तिथे जमिनीत चर पडलेला असतो, तो जोत्याच्या किती जवळ आहे आणि ते पाणी पुढे कुठे जातं ते बघा, जोत्यालाच परत येत असेल तर भिंतीच्या ओलीचं मूळ तिथे आहे आणि उपाय स्वस्तात होतो.

आता उलटी बाजू. जुन्या घरापेक्षा मला नव्वदनंतरच्या स्लॅबच्या घरांची जास्त काळजी वाटते. रेती कुठली वापरली ते विचारा. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ आतली सळई खातं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. छज्ज्याच्या खालच्या अंगाला तांबूस डाग, सळईच्या रेषेत सरळ जाणाऱ्या भेगा, पोपडे पडून दिसणारी सळई, हे दिसलं तर वरून वॉटरप्रूफिंग करून काही उपयोग नाही. कौलारू छपराचा एक कुजका वासा काढून दुसरा घालता येतो, स्लॅबच्या पोटात हात घालता येत नाही.

लाईटचं मीटर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, असतंच, ते बदलून घेता येतं. शेवटच्या खांबावरचं घर असेल तर संध्याकाळी सातला व्होल्टेज बघा, पंप उचलतो का. मोबाईलची रेंज घरात उभं राहून बघा, अंगणात नको. तुम्ही उतारवयात येणार म्हणून दवाखान्याचं अंतर मिनिटात मोजा, गुहागरहून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, पण पावसाळ्यातल्या रात्रीचे ४५ वेगळे.

झाडांचं बोलून घ्या. हापूसची कलमं असतील तर ती या हंगामाला, किंवा पुढची पाच वर्षं, कोणाला कराराने दिलीत का? दिली असतील तर मे महिन्यात तुमच्या खळ्यात दुसऱ्याच्या पेट्या भरल्या जातील आणि तुम्ही बघत बसाल. आणि घराण्याचा गणपती याच घरात बसतो का, शिमग्याला पालखी या खळ्यात येते का, वर्षाची राखण, म्हणजे जागेच्या राखणदाराचा मान, कोण देतं हे पण विचारा. यातलं काहीही वाईट नाही, उलट वाडीत मिसळायचा तोच रस्ता आहे, पण चतुर्थीला वीस माणसं सामानासकट दारात आली तर आधी माहीत असलेलं बरं. गणपती त्यांनी कुठे न्यायचा हे विकणाऱ्या भावंडांनी आपसात ठरवलंय का ते विचाराच, हे न ठरल्यामुळे शेवटच्या आठवड्यात व्यवहार अडकतात.

माहिती काढायची तर पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा), वायरमन आणि पोस्टमन. पाडेल्याला सगळी आगरं आणि विहिरी माहीत, वायरमनला वादळात कुठे काय पडलं ते, आणि पोस्टमनला कोण वारस कुठे राहतो ते. एजंटला बरोबर न घेता वाडीतल्या दुकानावर बसून एक सोडा प्यायलात तरी अर्धी हकीगत कळते.

घर पसंत पडलं तर विसार मोठा देऊ नका आणि विसारपावतीत लिहा की सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, मोजणीची क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), तुमच्या बाबतीत बिनशेती आदेश आणि वाटेचा करार यातलं जे ठरल्या मुदतीत होणार नाही त्यासाठी विसार परत. विकणाऱ्याला घाई असेल तर तो याला कुरकुरेल, पण कुरकुरत का होईना सही करेल, आणि करत नसेल तर त्यातलं नेमकं कुठलं कलम त्याला नकोय ते लक्षात ठेवा, अडचण तिथे असते. किंमत बोलताना कौलं-गिलावा दाखवून पाच-पंचवीस हजार पाडत बसण्यापेक्षा वासे-आढ्याचा अंदाज स्थानिक सुताराकडून लिहून घ्या आणि तो कागद समोर ठेवा. फोटोवर आवडलेल्या त्या घराचा सर्व्हे नंबर आत्ताच मागून घ्या, महाभूलेख या सरकारी वेबसाईटवर सातबारा घरबसल्या दिसतो, नावं आणि इतर हक्क वाचून मगच गाडीत पेट्रोल टाका.